दाण्याचं पोट

डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्या जयंतीनिमित्त हिवरखेड येथे २७ डिसेंबर रोजी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर



आज सकाळी तेल्हाऱ्याहून इकडं येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. धुऱ्याच्या अलीकडं गव्हाला ओलीत सुरू होतं, पीक गुडघ्याच्या खाली, पण दाट आणि हिरवंगार. धुऱ्याच्या पलीकडं नुसती तीन-चार पानं वर आलेली. पाणी देणाऱ्या दादांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘हे सोयाबीनवरचं हाये, नोव्हेंबरात पेरलं. ते पऱ्हाटी उपटून पेरलं, डिसेंबर लागल्यावर. बियाणं दोन्हीकडं एकच.’’

एकाच थैलीतलं बियाणं, एकच काळी जमीन, वान नदीचं एकच पाणी. मार्चमध्ये दोन्ही वावरांतला गहू बाजार समितीत जाईल, बहुतेक एकाच हर्राशीत, एकाच भावात. पण त्या दोन ढिगांतला दाणा एक नसेल. एका ढिगाची पोळी वेगळी होईल, शेवया वेगळ्या होतील, आणि उद्या तो धान्य कुजवणाऱ्या कारखान्यात गेला तर त्यातून निघणारा मद्यार्कही वेगळा निघेल. आजचं माझं बोलणं या फरकाबद्दल आहे.

विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी आली, ती मला दिसली. भाऊसाहेबांच्या जयंतीला मद्यार्काचं काय काम? गेल्याच आठवड्यात, २० डिसेंबरला, आपण गाडगेबाबांची पुण्यतिथी केली. बाबांचं शेंडगाव इथून लांब नाही. दारू सोडा म्हणून ज्या माणसानं उभ्या वऱ्हाडाला हात जोडून सांगितलं, त्याच्या मुलखात उभं राहून मी दारूची भलामण करायला आलेलो नाही. दारूनं मोडलेली घरं मी माझ्या गावात पाहिली आहेत, माझ्या नात्यातही पाहिली आहेत. पण आपल्या वावरातला दाणा त्या कारखान्यात जातो, हे खरं आहे. कोणत्या दाण्याला तिथं काय किंमत आहे, हे कारखान्याला बिनचूक ठाऊक असतं आणि कास्तकाराला मात्र ठाऊक नसतं. हे अज्ञान आपल्याला महाग पडलेलं आहे. कसं, ते पुढं सांगतो.

भाऊसाहेबांचा आणि या विषयाचा एक धागा मला फार दिवसांपासून खुणावतो आहे. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा मुलगा एम.ए. व्हायला एडिंबरोला गेला, नंतर ऑक्सफर्डला डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला. एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. त्या शहराच्या आसपास, पूर्व किनाऱ्यावर, आज जो गहू पिकतो त्याचा मोठा वाटा पोळीला किंवा पावाला जात नाही. तो ग्रेन व्हिस्कीच्या कारखान्यांत जातो. १९८० च्या दशकापर्यंत तिथले कारखाने बाहेरून आणलेला मका वापरत होते. मका महाग पडू लागला तसे ते घरच्या गव्हाकडं वळले. आणि गव्हाकडं वळल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर दाणा तपासायला घेतला. कोणत्या वाणाचा, कोणत्या जिल्ह्यातला, किती खत घातलेला, किती पावसात सापडलेला. वाणांच्या शिफारशीच्या यादीत तिथं मद्यार्कासाठी हा वाण चांगला, हा मध्यम, अशी वेगळी नोंद असते. रिबँड नावाचा एक मऊ गहू त्यांचा बरीच वर्षं लाडका होता.

त्यांना दाण्यात काय हवं असतं? हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक ब्लेड पुरे.

मी खिशात दोन पुड्या आणल्या आहेत, व्याख्यान झाल्यावर ज्यांना पाहायचं त्यांनी पुढं या. एका पुडीत बन्सी गहू आहे. ब्लेडनं दाणा आडवा कापला की कडकन आवाज येतो आणि आतला भाग काचेसारखा दिसतो, उजेडाकडं धरला तर पिवळसर आरपार. दुसऱ्या पुडीतला गहू मऊ आहे. तो कापताना आवाज येत नाही, आतून खडूसारखा पांढरा, आणि ब्लेडला पीठ लागतं. आपल्या आया-आज्या हेच दातानं करायच्या. दोन दाणे दाढेखाली धरून फोडायच्या आणि सांगायच्या, शेवयांचा आहे, की नुसता पोळीचा.

काचेरी दाण्यात प्रथिनं जास्त असतात आणि ती स्टार्चच्या कणांना घट्ट धरून बसलेली असतात. खडूसारख्या दाण्यात प्रथिनं कमी, स्टार्च जास्त, आणि कणाकणांत हवा. मद्यार्क प्रथिनांपासून होत नाही. तो फक्त स्टार्चपासून होतो. आधी दाणा दळून पाण्यात शिजवायचा, मग विकरांनी स्टार्चची साखर करायची, मग यीस्टनं त्या साखरेचा मद्यार्क करायचा. १०० किलो स्टार्चपासून कागदावरच्या हिशेबानं सुमारे ७२ लिटर शुद्ध मद्यार्क निघू शकतो. प्रत्यक्षात त्याच्या नव्वद टक्के निघाला तरी चांगलं. म्हणजे एका क्विंटल गव्हात ६० किलो स्टार्च असेल, तर हाती ३९ लिटरच्या आसपास येणार. तोच गहू चिमलेला असेल आणि त्यात ५४ किलोच स्टार्च असेल, तर ३५ लिटर. क्विंटलमागं चार लिटरचा फरक. रोज हजार क्विंटल धान्य शिजवणाऱ्या कारखान्याला हा फरक रोज चार हजार लिटरचा. आता सांगा, कारखानदार दाणा तपासल्याशिवाय घेत असेल का?

स्कॉटलंडवाले म्हणूनच कमी प्रथिनांचा, साधारण दहा टक्के किंवा त्याहून खाली, भरीव, मऊ गहू शोधतात. आपला चांगला गहू त्याच्या अगदी उलट असतो. आणि त्याला कारण जसं बियाणं आहे, तसं ऊनही आहे.

इथं जरा थांबतो, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे.

गव्हाच्या दाण्यात स्टार्च आणि प्रथिनं दोन वेगळ्या वाटांनी येतात. प्रथिनांसाठी लागणारं नत्र झाडानं बरंचसं आधीच गोळा करून पानांत आणि ताटात ठेवलेलं असतं. ओंबी आली की पानं पिवळी पडत जातात आणि ते नत्र दाण्याकडं सरकतं. स्टार्च मात्र त्या त्या दिवसाच्या उन्हावर, हिरव्या पानांवर आणि पाण्यावर दाण्यातच तयार होत असतो, दाणा भरण्याच्या त्या चार-सहा आठवड्यांत. तो तयार करणाऱ्या विकरांपैकी एक फार नाजूक आहे. हवा तापली की त्याचं काम मंदावतं, पारा तीसच्या वर राहू लागला की ते बसतच जातं. म्हणजे उष्णतेत प्रथिनं येत राहतात, स्टार्च मात्र थांबतो. दाणा चिमतो, त्याचं पोट भरत नाही, आणि टक्केवारीत प्रथिनं वाढलेली दिसतात. ती वाढलेली नसतात, बाकीचं कमी झालेलं असतं.

एडिंबरोच्या बाजूचा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापतात. हिवाळ्यात झोपतो, वसंतात उठतो, आणि त्याचा दाणा जून-जुलैत भरतो, जेव्हा तिथं सतरा तास उजेड असतो आणि दुपारचा पारा विसाच्या आसपास. आपला गहू शंभर-एकशेपंधरा दिवसांत घरात. आपल्याकडं दाणा भरतो फेब्रुवारीत, आणि मार्च उजाडला की पारा पस्तिसाच्या वर. हे सगळं त्या धुऱ्याच्या दोन बाजूंना लावून पाहा. नोव्हेंबरातल्या गव्हाचा दाणा फेब्रुवारीच्या थंड रात्रींत भरेल. डिसेंबरातल्या गव्हाला नेमकी भरायची वेळ येईल तेव्हा मार्चचं ऊन लागलेलं असेल. बागायती गहू १ ते १५ नोव्हेंबरमध्ये पेरा, त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पन्न घटतं, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते अडीच क्विंटल बहुतेक स्टार्चचेच असतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

२०२२ चा मार्च आठवा. हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींत देशाचा तो सर्वांत तापलेला मार्च. पंजाब-हरियाणाचा गहू, जो आपल्यापेक्षा महिनाभर मागं असतो, ऐन भरतीत भाजला. इतका, की सरकारला खरेदीचे निकष सैल करावे लागले. चिमलेल्या आणि फुटलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेली, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद केली. पंजाबच्या कास्तकाराला त्या वर्षी जे नवीन वाटलं, ते वऱ्हाडच्या कास्तकाराला दरवर्षीचं आहे. म्हणून आपल्या कृषी विद्यापीठाचं काम वेगळ्या दिशेनं गेलं. १९६९ साली अकोल्याला विद्यापीठ झालं, भाऊसाहेबांचंच नाव लाभलं, आणि तिथल्या गहू संशोधकांनी पहिल्यापासून हे ऊन समोर ठेवलं. एकेएडब्ल्यू ४६२७ हा वाण उशिरा पेरणीसाठीच काढलेला आहे, लवकर उरकतो आणि उन्हाच्या आधी शक्य तेवढा दाणा भरून घेतो. विमल, पूर्णा हे चपातीचे वाण तिथलेच. कोरडवाहूसाठी शरद हा बन्सी जातीचा. यांच्या जोडीला गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेला लोक-१, जो आपल्याकडं घराघरांत पोचला तो त्याच्या टपोऱ्या दाण्यामुळं आणि पोळीमुळं.

यातला एकही वाण मद्यार्कासाठी काढलेला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ज्याला आपण चांगला गहू म्हणतो तो कारखान्याच्या दृष्टीनं मध्यम का ठरतो, हे आता लक्षात आलं असेल.

खताचंही तसंच. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, निम्मं पेरताना, निम्मं पहिल्या ओलिताला, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. नत्र वेळेवर आणि पुरेसं मिळालं की बन्सीचा दाणा काचेरी होतो. कमी पडलं की दाण्याच्या पोटावर पांढरट, पिठूळ डाग येतो. हर्राशीत अडत्या तो डाग बघतो, दोन बोटांत दाणा फिरवतो आणि बोली खाली आणतो, कारण त्याचा रवा चांगला पडत नाही, शेवई तुटते. आणि स्कॉटलंडचा खरेदीदार? त्याला तोच डाग आवडेल! त्याच्या लेखी तो स्टार्चचा डाग आहे. तिथले शेतकरी मद्यार्काच्या गव्हाला नत्र मुद्दाम बेतानं आणि लवकर देतात, उशिरा देत नाहीत, म्हणजे प्रथिनं चढू नयेत. एकच डाग एका बाजारात दोष, दुसऱ्या बाजारात गुण. मग कास्तकारानं काय करावं? आपला दाणा कोणत्या बाजाराचा आहे ते पेरणीच्या दिवशी ठरवावं. काढणीच्या दिवशी अडत्याला ठरवू देऊ नये.

खारपाणपट्ट्यातल्या मंडळींसाठी एक वाक्य. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णेकडं, विहिरीचं खारं पाणी दिलेला गहू बारीक दाण्याचा होतो, तेही याच कारणानं. झाडाला पाणी समोर असून पिता येत नाही, आणि भरतीचे दिवस आखडतात. तिथं जमिनीतल्या ओलीवरचा हरभरा शहाणपणाचा, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

वाणाबद्दल आणखी एक गमतीची नाही, पण शिकण्यासारखी गोष्ट. तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी जगभरच्या गहू संशोधकांनी राय नावाच्या धान्यातला गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला. उत्तर भारतात ज्यानं बरीच वर्षं राज्य केलं त्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही तो आहे. तांबेऱ्यासाठी फार कामाचा ठरला. पण अशा गव्हाचं पीठ भिजवलं की कणीक चिकटते, आणि युरोपातल्या मद्यार्क कारखान्यांत त्याचा घोळ इतका बुळबुळीत होऊ लागला की नळ्या तुंबल्या, उरलेला चोथा वाळेना. असे वाण त्यांनी यादीतून बाजूला काढले. वाण काढणाऱ्यानं रोग पाहिला, उत्पन्न पाहिलं, आणि चूल विसरली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. आपल्या मायबहिणी कणकेला हात लावताच हे सांगू शकल्या असत्या.

आता ज्वारी. आजच्या विषयात गहू आहे, पण वऱ्हाडात मद्यार्काचा प्रश्न गव्हाच्या ओंबीतून आलाच नाही, तो ज्वारीच्या कणसातून आला. आणि इथं मी माझं घरचं सांगणार आहे.

आमची गावरान ज्वारी दिवाळीनंतर पिकायची. पाऊस संपलेला, आभाळ निरभ्र, कणीस उन्हात वाळायचं. दाणा मोत्यासारखा. पेवात घातली तरी वर्षभर टिकायची. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली, आणि पुढं एकामागून एक हायब्रीड आल्या. अकोल्याची सीएसएच-१४ त्यातलीच. उत्पन्न दुपटीनं वाढलं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, त्या ज्वारीनं आमची पोटं भरली. पण हायब्रीड शंभर-एकशेदहा दिवसांत पिकायची. म्हणजे सप्टेंबर अखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. परतीचा पाऊस नेमका तेव्हाच. दुधाळ दाणा ओला राहायचा आणि त्यावर बुरशी बसायची, आधी गुलाबी, मग राखाडी, मग काळी. कणसं हातात घेतली की बोटं काळी व्हायची. माझ्या आईनं त्या ज्वारीची भाकरी केली होती. उकळीच्या पाण्यात पीठ मळलं, तरी भाकर तव्यावर चिरत गेली, आणि कडवट लागली.

उकळीचं पाणी का, हे इथं सांगून टाकतो, कारण कारखान्याचं शिजवणं आणि आईचं पीठ मळणं यात तत्त्व एकच आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. ऊन पाण्यानं तिच्या स्टार्चचा थोडा भाग फुगतो आणि तोच पिठाला बांधून ठेवतो. गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगू लागतो, ज्वारीचा त्याहून बऱ्याच वर, सत्तरीच्या घरात. म्हणून कारखान्यात ज्वारी शिजवायला गव्हापेक्षा जास्त वाफ, जास्त जळण लागतं. आणि शिजवताना ज्वारीची प्रथिनं आणखी आवळून बसतात, स्टार्चचा काही भाग त्यांच्या जाळ्यात अडकून राहतो. बुरशी लागलेल्या दाण्यात स्टार्च आधीच बुरशीनं खाल्लेला असतो, दाण्याचं वजन घटलेलं असतं.

तर आमच्या बाबांनी ती काळी ज्वारी बैलगाडीत भरून बाजारात नेली. पावती आली ती चांगल्या ज्वारीच्या निम्म्याहून कमी भावाची. कोणतं मोजमाप लावलं म्हणून त्यांनी विचारलं. घेणाऱ्यानं मूठभर दाणे वर फेकले, तळहातावर झेलले आणि म्हणाला, ‘‘मातेरं आहे.’’ एवढंच मोजमाप. ओल किती, बुरशीचे दाणे शेकडा किती, स्टार्च किती, काही नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढची तीस वर्षं धान्याची प्रत तपासण्याच्या कामात गेली, ती त्या मुठीमुळं, असं मला आजही वाटतं.

२००७ साली महाराष्ट्र सरकारनं धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचं धोरण आणलं. लिटरमागं दहा रुपयांचं अनुदान. कारण काय दिलं, तर ज्वारी, बाजरी, मका पिकवणाऱ्या कोरडवाहू कास्तकाराला भाव मिळेल, पावसानं काळी पडलेली ज्वारी वाया जाणार नाही. आपलं नाव घेऊन ते धोरण आलं. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या माणसांनी त्याला जाहीर विरोध केला. धान्य खाण्यासाठी असतं, आणि दारूला सरकारी तिजोरीतून पैसा देणं हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांच्या मुद्द्याला एक जोड द्यायची राहून गेली असं मला वाटतं, आणि ती दाण्याच्या शास्त्रातून येते.

काळी ज्वारी ही कास्तकाराच्या आळसानं झाली नव्हती. वाण लवकर पिकणारा निवडला, पाऊस तोच राहिला, आणि दोघांच्या मध्ये दाणा सापडला. म्हणजे प्रश्नाचं मूळ पेरणीच्या आणि वाणाच्या दिवसांत होतं. उत्तर तिथं शोधायचं होतं: बुरशीला दाद न देणारे वाण, चार दिवस पुढं सरकणारी पक्वता, गावागावांत दाणा वाळवायची सोय. विद्यापीठांनी वाणांवर काम केलंही. पण लिटरमागं दहा रुपये मद्यार्काला मिळाले, आणि वाळवणी यंत्राला गावात काहीच मिळालं नाही. पुढं कास्तकारानं आपलं उत्तर आपण काढलं, ज्वारी सोडली आणि सोयाबीन पेरली. आज या पंचक्रोशीत पाहा. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, केळी, संत्रा, पानपिंपरी, सगळं दिसेल, खरिपाची ज्वारी शोधावी लागेल. आणि तिच्याबरोबर कडबाही गेला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बुरशीच्या दाण्यातली काही विषं मद्यार्कात उतरत नाहीत, कारण ती वाफेबरोबर वर येत नाहीत. मग जातात कुठं? खाली उरलेल्या चोथ्यात. दाण्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग म्हणजे स्टार्च, तो मद्यार्क आणि वायू होऊन निघून जातो. उरतो एक तृतीयांश. म्हणजे दाण्यात जे विष होतं ते चोथ्यात तिप्पट दाट होतं. तो चोथा वाळवून ढेप म्हणून गायी-म्हशींना जातो. मक्यावरच्या आणि शेंगदाण्यावरच्या पिवळ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन तर गायीच्या पोटातून दुधात उतरतं. ‘खराब धान्य कारखान्याला द्या, प्रश्न मिटला’ असं म्हणणाऱ्यानं त्या गायीचं दूध कोणतं लेकरू पितं, ते पाहावं.

आता काळ बदलला आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं खाण्यास अयोग्य झालेला गहू, फुटका तांदूळ, मका यांपासून पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल करायला वाट मोकळी केली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि कारखान्यांची नजर मक्याकडं वळली. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. आज वऱ्हाडात रब्बी मका वाढतो आहे, त्यामागं हे आहे. म्हणजे पिणारा माणूस नसला तरी दाणा भट्टीत जाणारच. मग नियम तोच: स्टार्च मोजला जाणार, ओल मोजली जाणार, आणि मोजमाप त्यांच्या हातात असणार. गाडीनं पिणं आणि माणसानं पिणं यांत मी फरक करतो, आणि इंधनासाठी मका पिकवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण चांगला, खाण्याजोगा गहू भट्टीत जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आपल्या उन्हात पिकलेला गहू प्रथिनांचा आहे. भट्टीला त्यातून कमी मिळतं, अंगणवाडीतल्या पोराला जास्त मिळतं.

हे गव्हापुरतंच नाही. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची व्हिस्की करतात, ती आपल्या देशातल्या सहा ओळींच्या जवापासून. त्या जवातही युरोपातल्या दोन ओळींच्या जवापेक्षा प्रथिनं जास्त, मद्यार्क कमी. गरम मुलखाचा दाणा गरम मुलखासारखाच वागतो, गहू असो की जव. हे कमीपण नाही. ज्या कामासाठी तो दाणा घडला, त्या कामात त्याचं मोल आहे, एवढंच.

आता तुमच्याकडून एक काम मागायचं आहे. भाऊसाहेब कृषिमंत्री होते १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं, आणि कास्तकारानं स्वतः शिकावं, स्वतः हिशेब ठेवावा, हा त्यांचा ध्यास होता. म्हणून काम साधं मागतो.

घरात दुधाचं एक लिटरचं माप असेल. येत्या मार्चमध्ये गहू निघाला की तो चाळून, दोन दिवस उन्हात घालून, त्या मापात शीग न लावता काठोकाठ भरा, वरून पट्टीनं सपाट करा आणि वजन करा. ७८० ते ८०० ग्रॅम भरला तर तुमच्या दाण्याचं पोट भरलेलं आहे. ७२० च्या खाली गेला तर दाणा चिमलेला आहे, उन्हानं, पाण्याच्या ताणानं किंवा उशिरा पेरल्यानं. मग हजार दाणे मोजा. पोरांना बसवा, शंभर-शंभरचे दहा ढीग करायला लावा. चांगल्या लोक-१ चे हजार दाणे चाळीस ग्रॅमच्या वर जातात. सोनाराच्या नाही तर किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून पाहा. आणि वहीत एका ओळीत लिहा: वावर, वाण, पेरणीची तारीख, ओलितं किती, लिटरचं वजन, हजार दाण्यांचं वजन, मिळालेला भाव.

शाळेतल्या गुरुजींना माझी विनंती आहे की हे काम सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यावं. हिवरखेडात पन्नास घरांनी दोन वर्षं ही नोंद ठेवली, तर इथला गहू कुठं आणि केव्हा पेरलेला चांगला भरतो, हे तुम्हाला विद्यापीठाला विचारावं लागणार नाही, विद्यापीठ तुम्हाला विचारायला येईल. आणि बाजारात कुणी मूठभर दाणे वर फेकून भाव सांगू लागला, तर वही पुढं करा आणि त्याचं मोजमाप लेखी मागा.

पुड्या इथं टेबलावर ठेवल्या आहेत. ब्लेड आहे. या, दाणा कापून पाहा.